नागपूर ते न्यू यॉर्क, माइल्सवर बिझनेस क्लास: हिशेब नेमका कशाचा करावा?

धंतोलीकर

माझे आई-बाबा नागपुरात राहतात आणि मी न्यू जर्सीत. दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे आणि बाबांच्या गुडघ्यांमुळे तेरा-चौदा तास इकॉनॉमीच्या आसनावर बसणे त्यांना आता झेपत नाही. तरीही रोख पैसे मोजून मी बिझनेस क्लासची तिकिटे काढली, तर ते कळताच दोघेही येणेच रद्द करतील, इतका मला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे. माइल्सवर, म्हणजे विमान कंपनीच्या सभासद-योजनेत जमलेल्या गुणांवर, काढलेले तिकीट मात्र त्यांना "फुकटचे" वाटते, आणि हा समज मी मुद्दाम दूर केलेला नाही.

अमेरिकन एअरलाइन्सच्या ॲडव्हान्टेज या माइल्स-योजनेच्या खात्यात माझे दीड लाखाच्या आसपास माइल्स आहेत आणि सिटी बँकेच्या कार्डावर जवळजवळ तितकेच पॉइंट्स आहेत. ॲडव्हान्टेजच्या भागीदार कंपन्यांसाठीच्या दर-तक्त्यानुसार अमेरिका ते भारतीय उपखंड या प्रवासाला एका बाजूने बिझनेसचे ७०,००० आणि इकॉनॉमीचे ४०,००० माइल्स पडतात, आणि त्यांपैकी कतार एअरवेजने दोहामार्गे थेट नागपूरपर्यंत जाता येते. दोघांच्या जाण्यायेण्याचे २,८०,००० माइल्स होतात, म्हणजे साठा जवळजवळ संपतो. माइल्सविषयी जे काही वाचते त्यात "एका माइलला तीन सेंट मिळाले, चार सेंट मिळाले" असे आकडे दिसतात, पण ते आकडे मला पटत नाहीत आणि का पटत नाहीत हेही नीट मांडता येत नाही. हा व्यवहार शहाणपणाचा आहे का, हे कोणी आकडेमोडीसह सांगू शकेल का?

हिशेबनीस

तुम्हाला ते आकडे पटत नाहीत, हे योग्यच आहे. प्रचलित सूत्र असे असते की रोख तिकिटाच्या किमतीतून अवॉर्ड (म्हणजे माइल्सवर काढलेल्या) तिकिटावरचे कर वजा करायचे आणि उरलेल्या रकमेला माइल्सने भागायचे. उदाहरणादाखल बिझनेसचे जाण्यायेण्याचे तिकीट ४,५०० डॉलर, इकॉनॉमीचे १,३०० डॉलर आणि अवॉर्डवरचे कर १५० डॉलर धरू. ४,५०० मधून १५० वजा करून १,४०,००० ने भागले की माइलमागे ३.१ सेंट येतात. हा आकडा सांगायला छान आहे, पण त्यात एक गृहीतक लपलेले आहे, ते असे की माइल्स नसते तर तुम्ही ४,५०० डॉलर खरोखरच मोजले असते. तुम्ही स्वतःच लिहिले आहे की ते मोजले गेले नसते.

आता दुसऱ्या टोकाने पाहा. माइल्स नसते तर इकॉनॉमीचे तिकीट काढले असते, म्हणजे वाचले ते १,३०० उणे १५०, आणि हाच भागाकार ०.८ सेंटावर येतो. हाही आकडा अपुरा आहे, कारण झोपून केलेल्या प्रवासाची किंमत त्यात शून्य धरली आहे. तेव्हा मधला प्रश्न स्वतःलाच विचारावा लागतो, की आई-बाबांच्या सपाट बिछान्याच्या पूर्ण तिकिटाला प्रत्येकी जास्तीत जास्त किती रोख द्यायची माझी तयारी आहे. उत्तर २,५०० डॉलर असेल तर माइलमागे सुमारे १.७ सेंट मिळतात, आणि तुमच्यापुरता तोच खरा भाव आहे.

मी स्वतः मात्र भागाकार करायचेच सोडून दिले आहे, कारण त्यापेक्षा सोपी मांडणी उपलब्ध आहे. तुमच्या सिटीच्या पॉइंट्सचे रोख मूल्य साधारण एक सेंट धरले तर १,४०,००० पॉइंट्स म्हणजे १,४०० डॉलर, त्यात कर मिळवून १,५५०. म्हणजे बिझनेसचे तिकीट तुम्हाला १,५५० डॉलरला पडते आणि इकॉनॉमीचे १,३०० ला. दोन्ही दिशांच्या बिछान्यासाठी माणशी २५० डॉलर जास्त द्यायचे का, एवढाच प्रश्न उरतो. डिसेंबरात किंवा शाळांच्या सुट्ट्यांत इकॉनॉमीचे भाडे चढते, तेव्हा तर हा फरक उलटाही होऊ शकतो.

खिडकीपाशी

हिशेबनीस यांच्या मांडणीशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण एक दुरुस्ती सुचवतो. सिटीचे पॉइंट्स रोखीत बदलता येतात, ॲडव्हान्टेज खात्यात आधीच पडलेले माइल्स तसे बदलता येत नाहीत. दोन्हींना एकच एक सेंट लावला तर हिशेब चुकतो. खात्यातल्या माइल्सचा भाव हा त्यांच्या पुढच्या चांगल्या वापरावरून ठरतो, आणि असा दुसरा वापर डोळ्यांसमोर नसेल तर ते आधी खर्च करावेत व सिटीचे पॉइंट्स शेवटपर्यंत राखावेत. सिटीचे पॉइंट्स २०२५ च्या जुलैपासून काही ठरावीक कार्डांवरून ॲडव्हान्टेजमध्ये एकास एक प्रमाणात नेता येतात, पण एकदा नेले की परत आणता येत नाहीत. आधी जागा पक्की दिसली पाहिजे, मगच हस्तांतर करायचे, हा क्रम कधीही उलटा करू नका.

दोहामार्गे

धंतोलीकर ताई, तुमच्या प्रश्नात नागपूर हा मुद्दा तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्या मते या व्यवहारातला सर्वात मोठा लाभ तिथेच आहे. तक्त्याच्या दृष्टीने मुंबई आणि नागपूर एकाच विभागात येतात, त्यामुळे दोहा ते नागपूर हा शेवटचा टप्पा ७०,००० मध्येच बसतो. मुंबईत उतरणाऱ्या माणसाला तिथे सीमाशुल्क तपासणी करून, बॅगा पुन्हा जमा करून, वेगळ्या तिकिटाने नागपूर गाठावे लागते. विमानाला उशीर झाला तर पुढचे तिकीट वाया जाते, आणि ज्येष्ठांना त्या धावपळीचा जो त्रास होतो तो कोणत्याही भागाकारात धरला जात नाही. कतार एअरवेज महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूर या दोन्ही ठिकाणी येते, आणि गोव्याची त्यांची सेवा २०२४ मध्ये दाबोळीहून मोपाला गेली. सिंधुदुर्ग किंवा गोवा हे गाव असलेल्यांनी हाच विचार मोपाच्या बाबतीत करून पाहावा.

आता अडचणीची बाजू. जागा मिळणे हीच खरी कसोटी आहे. विमान कंपनी बिझनेसच्या ज्या जागा भागीदार कंपन्यांच्या सभासदांना खुल्या करते, त्या वेगळ्या आरक्षण-वर्गात टाकलेल्या असतात. अमेरिकन आणि कतार ज्यात आहेत त्या वनवर्ल्ड या विमान कंपन्यांच्या गटात बिझनेस अवॉर्डसाठी तो बहुधा "यू" असतो आणि स्टार अलायन्स या दुसऱ्या गटात "आय". विमानात वीस जागा रिकाम्या दिसत असल्या तरी त्या वर्गात शून्य असेल, तर तुमच्यासाठी ते विमान भरलेलेच असते. शिवाय कतारची आरक्षणे उड्डाणाच्या सुमारे ३६० दिवस आधी उघडतात आणि ॲडव्हान्टेजची ३३१ दिवस आधी. म्हणजे कतारच्या स्वतःच्या प्रिव्हिलेज क्लबचे सभासद जवळजवळ महिनाभर आधी रांगेत उभे असतात, आणि कतार आपल्या सभासदांसाठी जागाही जास्त सोडते. तुमच्यापर्यंत उरतात त्या बहुधा आडदिवसाच्या किंवा प्रवासाच्या तोंडावर सुटलेल्या.

धंतोलीकर

मनापासून आभार. नागपूरचा मुद्दा मी केवळ सोय म्हणून पाहिला होता, त्याला किंमत लावली नव्हती. आता दोन शंका आहेत. प्रिव्हिलेज क्लबच्या जागा जास्त असतील तर थेट त्यांच्याकडेच का जाऊ नये? आणि काल शोधताना न्यू यॉर्क ते नागपूर ७०,००० मध्ये सलग चार दिवस उपलब्ध दिसले, तेव्हा जागा दुर्मीळ आहेत हे मला नीटसे कळले नाही.

दोहामार्गे

तुम्हाला दिसलेल्या त्या चार दिवसांचा तपशील उघडून प्रत्येक टप्प्याचा वर्ग वाचा. बहुतेक वेळा अशा निकालांत दोहा-नागपूर हा सुमारे चार तासांचा टप्पा बिझनेसचा असतो आणि न्यू यॉर्क-दोहा हा लांबचा टप्पा इकॉनॉमीचा. संगणक मात्र सर्वात वरच्या वर्गाचे, म्हणजे बिझनेसचे, पूर्ण माइल्स मागतो. पडद्यावर "मिश्र वर्ग" अशी बारीक खूण असते, ती नजरेतून सहज सुटते. लांबचा टप्पा बिझनेसचा आणि छोटा टप्पा इकॉनॉमीचा असेल तर ते मी आनंदाने घेईन. उलटे असेल तर ७०,००० माइल्स जवळजवळ पाण्यात गेले असे समजा.

प्रिव्हिलेज क्लबविषयी सांगायचे तर त्यांचे चलन एव्हिओस आहे आणि २०२२ पासून ते ब्रिटिश एअरवेजच्या एव्हिओसशी एकास एक जोडता येते. त्यामुळे ॲमेक्स किंवा चेसच्या कार्डांचे पॉइंट्स ब्रिटिश एअरवेजमार्गे कतारकडे नेता येतात. तिथे जागा जास्त दिसतील, पण कंपनीने लावलेले अधिभार वेगळे भरावे लागतात. ॲडव्हान्टेज हे अधिभार ब्रिटिश एअरवेज आणि आयबेरिया यांच्या विमानांवर लावते, कतारवर लावत नाही. माझा सल्ला असा की ॲडव्हान्टेजवर आधी शोधावे आणि तिथे मिळेनासे झाले तरच एव्हिओसचा विचार करावा.

टेम्सकाठ

अधिभारांचा विषय निघालाच आहे तर लंडनच्या बाजूने थोडे लिहितो. तिकिटावर "कर" या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी दाखवलेल्या असतात. एक सरकारचे व विमानतळाचे शुल्क, जे कोणालाच चुकत नाही. दुसरा विमान कंपनीने स्वतः लावलेला अधिभार, जो "वायक्यू" किंवा "वायआर" या संक्षेपाने येतो आणि इंधनाच्या नावाने सुरू झाला असला तरी इंधन स्वस्त झाल्यावर उतरेलच असे नाही. ब्रिटिश एअरवेजच्या लांबच्या बिझनेस तिकिटांवर तो काही शे डॉलरांत जातो, आणि मग माइल्सवर काढलेल्या तिकिटासाठी इकॉनॉमीच्या रोख भाड्याच्या निम्मी रक्कम मोजावी लागते. ॲडव्हान्टेजचे माइल्स लंडनमार्गे वापरू पाहणाऱ्या कित्येकांना हे शेवटच्या पानावरच कळते.

ब्रिटनचे प्रवासी शुल्क मात्र सरकारी आहे आणि बिझनेसला ते इकॉनॉमीच्या दुपटीहून अधिक असते. ते ब्रिटनमधून प्रवास सुरू करणाऱ्यांना लागते. लंडनला केवळ विमान बदलून चोवीस तासांच्या आत पुढे जाणाऱ्याला लागत नाही. म्हणून "दोन दिवस लंडनला थांबून पुढे जाऊ" हा बेत आखण्यापूर्वी त्या दोन दिवसांची किंमत पाहून घ्यावी.

मीनल_टोरांटो

कॅनडातल्या वाचकांसाठी एअर कॅनडाच्या एरोप्लान योजनेविषयी थोडेसे लिहिते. एरोप्लान इंधन-अधिभार लावत नाही, आणि लुफ्तान्सा किंवा स्विसच्या बाबतीत ही सवलत लहान नाही, कारण त्याच जागा लुफ्तान्साच्या स्वतःच्या योजनेतून काढल्या तर अधिभार भरपूर बसतो. शिवाय एकेरी तिकिटातही ५,००० पॉइंट्स जास्त देऊन वाटेत एक मुक्काम घेता येतो. आई-बाबांना झ्युरिक किंवा इस्तंबूलला दोन रात्री विश्रांती देऊन पुढे मुंबईला नेण्याचा हा स्वस्त मार्ग आहे, फक्त मुक्कामासाठी त्या देशाचा व्हिसा लागतो हे विसरू नये. भागीदारांचा दर अंतरावर ठरतो, म्हणून फार वळसा घातला तर पुढच्या अंतर-गटाचा चढा दर लागतो. २०२५ च्या मार्चपासून एमिरेट्स, एतिहाद, युनायटेड अशा काही भागीदारांचे दर मात्र तक्त्यातून बाहेर काढून मागणीनुसार बदलणारे केले आहेत, त्यामुळे जुने लेख वाचून त्या तिघांवर बेत आखू नयेत.

सदाशिव_पेठ

हे सगळे अमेरिका-कॅनडाचे झाले. पुण्यात बसून भारतीय कार्डांवर पॉइंट्स जमवणाऱ्यांचे गणित वेगळे आहे, आणि माझे मत थोडे कडू आहे. इथे नवे कार्ड घेतल्यावर मिळणारे स्वागताचे पॉइंट्स तुमच्याकडच्या मानाने किरकोळ असतात, खर्चावर मिळणारे पॉइंट्स हाच मुख्य स्रोत आहे, आणि हस्तांतराचे प्रमाण बँक केव्हाही बदलू शकते. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचे प्रमाण २०२३ च्या सप्टेंबरात पाच पॉइंट्सना चार माइल्सवरून दोन माइल्सवर आले, म्हणजे कार्डावर पडून असलेल्या पॉइंट्सचे विमानातले मूल्य एका फटक्यात निम्मे झाले. त्याच बँकेच्या वरच्या गटातील ग्राहकांना जुने प्रमाण राहिले, आणि बाकीच्यांपैकी हा बदल ज्यांनी आधी वाचला त्यांनी पॉइंट्स आधीच हलवून ठेवले होते.

पण हलवून ठेवणे हाही उपाय नाही. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये माइल्स तीन वर्षांनी मुदतबाह्य होतात, मग खात्यात हालचाल असो वा नसो. बँकेत ठेवले तर प्रमाण बदलण्याची भीती आणि क्रिसफ्लायरमध्ये नेले तर मुदतीची, अशा दोन भीतींमध्ये निवड करायची असते. मी ती प्रवासाची तारीख पाहून करतो. प्रवास वर्षाच्या आत असेल आणि जागा दिसत असेल तर हलवतो, नाहीतर बँकेतच ठेवतो.

क्रिसफ्लायरचा एक फायदा सांगायलाच हवा. सिंगापूरच्या लांब पल्ल्याच्या विमानांतील बिझनेसच्या जागा भागीदारांना क्वचितच मिळतात, स्वतःच्या सभासदांना मिळतात, आणि त्यांच्या स्वतःच्या विमानांवर २०१७ पासून इंधन-अधिभार नाही. मात्र मुंबई-सिंगापूर या साडेपाच तासांच्या रात्रीच्या प्रवासावर बिझनेसचे माइल्स उधळू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. जेवण उरकून दिवे मालवेपर्यंत उतरायची वेळ येते. तेच माइल्स सिंगापूरहून पुढे ऑस्ट्रेलिया किंवा अमेरिकेच्या टप्प्यावर खर्च करावेत. ज्यांना तारखेचे बंधन नाही अशा निवृत्त मंडळींनी क्रिसफ्लायरची दर महिन्याची सवलत-यादी पाहावी. निवडक मार्गांवर तीस टक्के कमी माइल्स लागतात, पण प्रवास बहुधा पुढच्याच महिन्यात करावा लागतो आणि तिकीट बदलता येत नाही.

हिशेबनीस

सदाशिव पेठ यांच्या मुद्द्याला जोडून साठवणुकीविषयी लिहितो, कारण आपल्या लोकांची मुदत ठेवीची सवय इथे नडते. माइल्सवर व्याज नाही, विमा नाही, आणि त्यांचा भाव ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे दुसऱ्याच्या हातात आहे. जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली तेव्हा तिच्या जेटप्रिव्हिलेज या माइल्स-योजनेची कंपनी वेगळी असल्यामुळे सभासदांचे माइल्स बुडाले नाहीत, पुढे ती योजना इंटरमाइल्स या नावाने चालूही राहिली. पण लंडनच्या बिझनेस क्लाससाठी ज्यांनी ते वर्षानुवर्षे जमवले होते, त्यांच्यासाठी ते विमानच उरले नव्हते. विस्तारा कंपनीच्या क्लब विस्तारा योजनेचे सभासद त्या मानाने सुदैवी ठरले, कारण १२ नोव्हेंबर २०२४ च्या विलीनीकरणात त्यांचे पॉइंट्स एअर इंडियाच्या योजनेत गेले.

दरवाढीला तर कंपनी बुडावी लागतच नाही. एअर फ्रान्स-केएलएमच्या फ्लाइंग ब्लू योजनेचा युरोप-अमेरिका बिझनेसचा सर्वात कमी दर २०२५ च्या जानेवारीत ५०,००० वरून ६०,००० झाला. ज्याने दोन लाख साठवले होते त्याची चार तिकिटे तीनवर आली आणि वर काही हजार सुटे उरले. म्हणून धंतोलीकर यांनी साठा "जवळजवळ संपतो" याची खंत करू नये. साठा संपणे हाच त्याचा उपयोग आहे.

खिडकीपाशी

इथे मात्र माझा मतभेद आहे. संपवण्याची घाई करून दोन्ही दिशांना बिझनेस घ्यावेच असे नाही. नागपूरहून पहाटे निघून दोह्याहून सकाळी सुटणारे न्यू यॉर्कचे विमान दिवसाचे असते. ज्येष्ठ माणसे त्यात फारशी झोपत नाहीत, आणि पोहोचल्यावर तुमच्या घरी चार दिवस विश्रांती मिळतेच. परतीचा प्रवास रात्रीचा असतो, त्यात बिछान्याचा खरा उपयोग होतो. ॲडव्हान्टेजची तिकिटे एकेरीच असल्यामुळे येताना इकॉनॉमीचे ४०,००० आणि जाताना बिझनेसचे ७०,००० असे माणशी १,१०,००० मध्ये भागेल, आणि दोघांचे मिळून ६०,००० वाचतील.

दोहामार्गे

तात्त्विकदृष्ट्या बरोबर आहे, पण बाबांचे गुडघे दिवसा-रात्री असा भेद करणार नाहीत. बिछान्याचा उपयोग झोपेपुरता मानू नये. पाय सरळ ठेवून बसता येणे आणि कोणाला न उठवता दर तासाला उठून चालता येणे, ही सत्तरीनंतरची मोठी सोय आहे. माझ्या मते निर्णय उपलब्धतेवर सोडावा. ॲडव्हान्टेजचे अवॉर्ड तिकीट रद्द केल्यास माइल्स विनाशुल्क परत येतात आणि भरलेले करही परत मिळतात. तेव्हा येण्याची इकॉनॉमीची तिकिटे आजच ४०,००० प्रमाणे धरून ठेवावीत, म्हणजे तारीख पक्की होते, आणि पुढे त्याच दिवशी बिझनेस सुटले की जुने रद्द करून नवे घ्यावे. प्रवासाच्या आधीच्या आठ-पंधरा दिवसांत जागा सुटण्याची शक्यता वाढते, आणि हाती पक्के तिकीट असेल तर ती वाट निर्धास्तपणे पाहता येते.

आणखी एक. कतारच्या प्रत्येक विमानात क्यूस्वीट, म्हणजे दरवाजा असलेला बिझनेसचा छोटा कक्ष, असतो असे समजू नका. तो ७७७ आणि ए३५० या प्रकारच्या विमानांत असतो आणि त्यांतल्याही सर्वच विमानांत नाही. आरक्षणाच्या पानावर आसनांचा आराखडा पाहिला की कळते. नागपूरचे विमान लहान असते, तिथे त्याची अपेक्षा ठेवू नये.

मीनल_टोरांटो

विषय ज्येष्ठांचा आहे म्हणून विचारते, थेट विमानाचा विचार कोणीच का केला नाही? एअर इंडिया स्टार अलायन्समध्ये २०१४ पासून आहे आणि तिच्या जागा एरोप्लान किंवा युनायटेडच्या माइल्सवर अधिभाराशिवाय काढता येतात.

दोहामार्गे

मुंबई-पुण्याच्या माणसासाठी तो पहिला पर्याय असायला हवा, फक्त भागीदारांना बिझनेसच्या जागा अगदी थोड्या सुटतात. नागपूरच्या माणसाला मात्र दिल्ली किंवा मुंबईला विमान बदलावेच लागते, मग ते दोह्याला बदलले काय नि मुंबईला बदलले काय. शिवाय २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही उड्डाणे वाटेत युरोपात इंधनासाठी थांबू लागली, तेव्हा "थेट" या शब्दाची तारखेगणिक खात्री करून घ्यावी लागते. आखातही निर्धोक नाही, हे मान्य. २३ जून २०२५ रोजी कतारने आपले आकाश काही तास बंद ठेवले होते आणि दोह्यातले सगळे वेळापत्रक कोलमडले. अशा वेळी संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असणे महत्त्वाचे ठरते, कारण पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. दोन स्वतंत्र स्वस्त तिकिटे जोडून केलेल्या प्रवासाला ते संरक्षण नसते.

सदाशिव_पेठ

एक सावधगिरीची सूचना. व्हॉट्सॲपच्या गटांवर "बिझनेस क्लास निम्म्या दरात" असे संदेश फिरतात. त्यांतली बरीच तिकिटे कोणा तिसऱ्याच्या माइल्सवर काढलेली असतात. माइल्सची विक्री जवळजवळ सर्वच योजनांच्या नियमांत निषिद्ध आहे, आणि तपासणीत सापडले तर तिकीट प्रवासाच्या दिवशीही रद्द होऊ शकते. आमच्या परिचयातील एका कुटुंबाला विमानतळावरून परतावे लागले आणि विक्रेत्याचा फोन त्यानंतर लागला नाही.

तसेच स्वतःच्या खात्यातून दुसऱ्याचे तिकीट काढण्याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत. ॲडव्हान्टेजमधून कोणाचेही काढता येते. क्रिसफ्लायरमध्ये पाचच नावे नोंदवता येतात. जपानच्या एएनए या विमान कंपनीच्या योजनेत ठरावीक नात्यांपुरतीच मुभा आहे. आई-वडील सगळीकडे बसतात, चुलत सासरे बसतीलच असे नाही.

धंतोलीकर

इतक्या सविस्तर उत्तरांची अपेक्षा नव्हती. सुचवल्याप्रमाणे ते चार दिवस उघडून पाहिले, आणि चारही दिवशी लांबचा टप्पा इकॉनॉमीचाच निघाला. येण्याची दोन तिकिटे ४०,००० प्रमाणे खात्यातल्या माइल्समधून धरून ठेवली आहेत. परतीसाठी ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी न्यू यॉर्क-दोहा आणि दोहा-नागपूर हे दोन्ही टप्पे बिझनेसमध्ये दिसतात, पण दोन प्रवासी निवडले की निकाल नाहीसा होतो आणि एक निवडला की परत येतो. सिटीचे पॉइंट्स अजून हलवलेले नाहीत. आता काय करावे?

दोहामार्गे

म्हणजे त्या वर्गात एकच जागा सुटलेली आहे. ती आईच्या नावाने लगेच घ्या, त्यासाठी खात्यातले उरलेले ७०,००० पुरतील आणि सिटीला हात लावावा लागणार नाही. आईचे का, तर बाबांना एकट्याला बिझनेसमध्ये बसवले तर ते अर्ध्या वाटेत आईशी आसन बदलतील, आणि कर्मचारी ते सहसा होऊ देत नाहीत. बाबांसाठी त्याच विमानात इकॉनॉमीचे ४०,००० चे तिकीट घ्यावे लागेल, आणि तेवढेच पॉइंट्स सिटीकडून आणावेत. दुसरी जागा सुटली की त्यांचे तिकीट बदलायचे आणि वरचे ३०,००० तेव्हाच आणायचे. न सुटल्यास दोघांनी कोण कुठे बसायचे ते घरी ठरवून नावे आधीच बदला, म्हणजे एक तिकीट रद्द करून दुसऱ्याच्या नावाने घ्या. मात्र ते फोनवर प्रतिनिधीकडून एकाच वेळी करवून घ्या, कारण रद्द केलेली जागा त्याच वर्गात परत येईलच अशी खात्री नसते.

तिकिटे वेगवेगळ्या क्रमांकांवर असतील, म्हणून ती एकमेकांशी जोडून नोंदवायला सांगा. तुम्हाला अमेरिकन एअरलाइन्सचा सहा अक्षरी संकेत मिळेल, पण कतारचा संकेत वेगळा असतो, तोही विचारून घ्या. आसने, चाकाची खुर्ची आणि जेवण हे सर्व कतारच्या पानावर त्या दुसऱ्या संकेतानेच नोंदवता येते. शाकाहारी असतील तर "एव्हीएमएल" हा प्रकार निवडा आणि तो प्रत्येक टप्प्यासाठी वेगळा निवडा, कारण लांबच्या टप्प्यावर नोंदवलेले जेवण नागपूरच्या टप्प्यावर आपोआप जात नाही. सामानाचे म्हणाल तर अमेरिकेच्या मार्गावर बिझनेसला प्रत्येकी ३२ किलोच्या दोन बॅगा चालतात आणि इकॉनॉमीला २३ किलोच्या दोन, तेव्हा जड बॅगा आईच्या तिकिटावर घाला.